पीए (फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरांसोबत पेशंट तपासणारे) स्कूलचा इंटरव्ह्यू दोन आठवड्यांवर, काय वाचू?

प्रश्न: कॅस्पावरून (अमेरिकेतल्या पीए कोर्सेसच्या सामायिक ऑनलाइन अर्जावरून) अर्ज केला होता, पहिलाच कॉल आलाय आणि हातपाय गळालेत. एमएमआय (एकामागून एक वेगवेगळ्या खोल्यांत छोट्या मुलाखती) आहे म्हणे. "डॉक्टर का नाही, पीए का?" याला काय सांगायचं? मी आरशासमोर बोलते तर पाठांतर वाटतं.

उत्तर १: "मेडिकल स्कूल लांबलचक आहे म्हणून" हे चुकूनही बोलू नकोस. टीममध्ये काम करणं, पुन्हा रेसिडेन्सी न करता स्पेशालिटी बदलता येणं, हे खरंच आवडत असेल तर तेच सांग, पण सोबत तू स्वतः पाहिलेला एखादा पेशंट हवा, नाहीतर सगळे तेच बोलतात. आणि १९६५ ला अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात नेव्हीच्या माजी कोअरमनना (नौदलातल्या वैद्यकीय सहाय्यकांना) घेऊन हा कोर्स सुरू झाला, एवढं तरी माहीत असू दे.

उत्तर २: एमएमआयमध्ये दाराबाहेर प्रसंग वाचायला दोनेक मिनिटं मिळतात. मी घाईत अर्धवट वाचून आत गेलो आणि भलत्याच माणसाची बाजू घेत बसलो 😅 पुढच्या खोलीत नवा परीक्षक असतो, मागचं डोक्यातून काढून टाक.

प्रश्नकर्ती: पेशंट आठवला! रात्रपाळीतल्या एक आजी, माझा हात सोडतच नव्हत्या. हेच सांगते.