भरतकाम-विणकाम करताना फँटसी मालिका आणि ॲनिमे: कोणत्या कामाला काय लावायचं?

चौकट_चौदा

हातात दोन कामं आहेत. एक, १४ काउंटच्या (इंचाला १४ चौकटी) आयडावर, म्हणजे भोकाभोकांच्या चौकटीदार कापडावर, क्रॉस स्टिच, १५० बाय २०० चौकटी, तीस रंग. दुसरं, लोकरीची साधी शाल, सगळ्या ओळी सुलट. दोन्ही करताना समोर फँटसी मालिका किंवा ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) लावायचं असतं. अडचणी अशा: जपानी आवाज आणि खाली सबटायटल्स असली की मान सारखी वरखाली होते आणि चौकट चुकते. लढाईचे प्रसंग आले की टाके आवळले जातात. अंधाऱ्या मालिकेसाठी दिवा मालवला तर कापड दिसत नाही, लावला तर पडद्यावर त्याचं प्रतिबिंब पडतं. हिंदी किंवा इंग्रजी डब चालेल. नुसती नावांची यादी नको, कोणत्या कामाला काय जमतं आणि का, तेही लिहा.

उलटी_टीप

मालिका निवडण्याआधी काम दोन भागांत तोडा: मोजायचं आणि भरायचं. क्रॉस स्टिचमधल्या बहुतेक चुका मोजताना होतात. म्हणून कापडावर दर दहा चौकटींवर धुतल्यावर जाणाऱ्या पेनाने रेघा आखून घ्या. (पेन खरंच धुऊन जातं का ते आधी कापडाच्या कोपऱ्यात बघा, आणि रेघा धुऊन जाईपर्यंत इस्त्री फिरवू नका. काही पेनांची शाई उष्णतेने पक्की बसते.) टीव्ही लावण्याआधी, शांतपणे, त्या बैठकीत घ्यायच्या रंगाची फक्त बाहेरची कड भरा. कड बसली की आतल्या चौकटींसाठी नमुन्याच्या तक्त्याकडे बघावं लागत नाही. जाताना सगळे अर्धे टाके, येताना त्यांवर उरलेले अर्धे, आणि वरचा टाका सगळीकडे एकाच दिशेला. जिथे दर एकदोन टाक्यांना रंग बदलतो तो भाग टीव्हीसमोर घेऊच नका, तो दिवसाउजेडी करायचा.

१४ काउंटला सहा पदरांतले दोन पदर आणि २४ नंबरची टेपेस्ट्री (बोथट टोकाची) सुई. एकच पदर ९० सेंटिमीटर घेऊन मधोमध दुमडा, दोन्ही टोकं सुईत ओवा. दुसऱ्या टोकाला फासा राहतो. पहिला अर्धा टाका घालून सुई मागे गेली की ती त्या फाशातून काढा, गाठ मारावी लागत नाही. यापेक्षा लांब दोरा घेतला तर पीळ बसतो आणि गुंता कापडाच्या मागे होतो. नजर पडद्यावर असल्याने तो पाचदहा टाके पुढे गेल्यावर कळतो. अधूनमधून कापड उलटं धरून सुई लोंबकळू द्या, पीळ आपोआप सुटतो.

आता मालिका. रंग भरायला माझी पहिली पसंती ‘डिलिशस इन डंजन’ (२०२४, २४ भाग, नेटफ्लिक्स). भुयारातले राक्षस मारून त्यांचाच स्वयंपाक करणाऱ्या टोळीची गोष्ट आहे, आणि पात्रं जे करतात ते बोलूनही दाखवतात: कोणता भाग खाण्याजोगा, कोणता विषारी, कशात शिजवायचा. इंग्रजी डब लावला तर पडद्याकडे कमी बघूनही गोष्ट नीट कळते. ‘असेंडन्स ऑफ अ बुकवर्म’ (पहिला सीझन २०१९, १४ भाग) ही तशीच बोलकी. पुस्तकासाठी कागद बनवण्याची खटपट त्यात टप्प्याटप्प्याने येते. शिवाय नायिका मायनेची आई रंगाऱ्याकडे कामाला, बहीण शिवणकाम शिकणारी, आणि मायने बहिणीच्या समारंभासाठी केसात माळायची क्रोशेची फुलं करून देते. हातकामाला कथेत इतकी मानाची जागा देणारं दुसरं फँटसी ॲनिमे पटकन आठवत नाही.

‘फ्रिएरन’ (पहिला सीझन २०२३-२४, २८ भाग) सगळे सुचवतील. मालिका अप्रतिम आहे, पण क्रॉस स्टिचला ती लावू नका. तिचा जीव न बोललेल्या जागांत आहे. एक जुनी आठवण दोनचार सेकंदांच्या चित्रात येते आणि जाते. त्या वेळी मान खाली असेल तर पुढच्या भागातली भावना पोचत नाही. अठराव्या भागापासून जादूगारांची परीक्षा सुरू होते तेव्हा नवी पात्रंही एकदम येतात, चेहरे लक्षात ठेवावे लागतात. शालीला मात्र ती योग्य.

‘द विचर’चा पहिला सीझन दोन्ही कामांना टाळा. तीन वेगवेगळे काळ सरमिसळ चालतात आणि कोणता प्रसंग कधीचा हे बरंचसं बघूनच ओळखावं लागतं.

धावदोरा

सबटायटल्स नकोतच, हे मला पटत नाही. हाताला कळणारा टाका असेल तर सबटायटल्स आरामात वाचता येतात. ‘डीमन स्लेयर’ (पहिला सीझन २०१९, २६ भाग) जपानी आवाजातच बघावी, आणि तिच्यासोबत करायला साशिको घ्यावं. साशिको म्हणजे जपानी धावदोरा. गोधडी घालता येणाऱ्याच्या हाताला तो लगेच बसतो.

याच मालिकेसाठी सांगण्याचं कारण, पात्रांच्या कपड्यांवरचे नमुने खरे पारंपरिक जपानी आहेत. तांजिरोच्या हिरव्या-काळ्या चौकडीला इचिमात्सु म्हणतात, झेनित्सुच्या त्रिकोणांना उरोको, आणि नेझुकोच्या गुलाबी किमोनोवर आसानोहा, म्हणजे आसा (हेम्प, भांगेच्या जातीच्या) झाडाचं पान. ते झाड झपाट्याने आणि सरळ वाढतं, म्हणून बाळाच्या कपड्यांवर हा नमुना घालायची तिथे रीत आहे. साशिकोतही आसानोहा मुख्य नमुन्यांपैकी एक.

रेघा आधी आखून घ्या, पडद्यासमोर अंदाजाने जमत नाही. क्रम असा ठेवा: आधी सगळ्या उभ्या रेषा, मग लांब तिरक्या रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग, शेवटी मधल्या आखूड रेषा. पान पान वेगळं भरत बसलात तर मागे दोऱ्याच्या उड्या वाढतात. वरचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, खालचा त्याहून थोडा लहान, साधारण ३ला २ या प्रमाणात. जिथे अनेक रेषा भेटतात तिथे मधला बिंदू मोकळा सोडा, नाहीतर दोऱ्यांचा गोळा होऊन कापड उचललं जातं.

सुई लांब घ्या. तिच्यावर पाचसहा टाके एकदम चढवायचे आणि मगच ओढायची. म्हणजे चढवताना नजर खाली, ओढताना वर, आणि सबटायटल तेवढ्यात वाचून होतं. प्रत्येक ओढीनंतर अंगठा आणि बोटाच्या चिमटीत टाके धरून दोऱ्याच्या दिशेने कापड निपटून काढा. लढाईच्या प्रसंगात ही पायरी हमखास गळते आणि सुरकुत्या पडतात, ज्या इस्त्रीनेही जात नाहीत. एका रेषेवरून दुसरीवर जाताना मागे दोऱ्याला थोडी ढील ठेवा.

शांत काही हवं असेल तर ‘मुशिशी’ (२००५-०६, २६ भाग). प्रत्येक भागाची गोष्ट स्वतंत्र, त्यामुळे एखाद्या भागात लक्ष उडालं तरी पुढचं अडत नाही. मोठी गोधडी अंगावर घेऊन बसायला याहून चांगली सोबत नाही.

सुलट_उलट

शालीबद्दल. टाके आवळले जाणं हे विणकामात जास्त नडतं, कारण वीस ओळी सैल आणि वीस घट्ट झाल्या की शालीची कड सरळ राहत नाही, मध्ये कंबर पडते. उपाय: धातूच्या सुयांऐवजी बांबूच्या घ्या. टाका सहज घसरत नाही, त्यामुळे त्याला धरून ठेवायला हात आवळत नाही, आणि सुया वाजत नाहीत म्हणून संवाद नीट ऐकू येतात. शाल रुंद असेल तर गोल सुईवर सरळ ओळी विणा, वजन मांडीवर राहतं. दर वीस टाक्यांना खुणेची कडी अडकवा. दर दहा ओळींनी वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा शिवायच्या सुईने सगळ्या टाक्यांतून ओवून तसाच सोडा. टाका निसटला तर त्या दोऱ्यापर्यंत बिनधास्त उसवता येतं. तो ओवताना भाग थांबवा.

सगळ्या ओळी सुलट असल्याने तुम्ही जवळजवळ न बघता विणू शकता, म्हणजे डोळे पडद्याला देता येतात. मग ‘सोलो लेव्हलिंग’ किंवा ‘जुजुत्सु काइसेन’सारखं मारधाडीचं, जिथे सगळी गंमत चित्रात आहे, तेही चालेल. दोन्ही क्रंचीरोल या ॲनिमेच्या ॲपवर हिंदीत आहेत. ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’ही प्राइमवर हिंदीत आहे. त्यात चारपाच ठिकाणच्या कथा आलटून पालटून चालतात, पण प्रत्येक ठिकाणाचा रंग आणि प्रकाश इतका वेगळा की एक नजर टाकली तरी कुठे आहोत ते कळतं. वेणीची किंवा जाळीची वीण असती तर मी यातलं काहीच सुचवलं नसतं.

‘गेम ऑफ थ्रोन्स’ काम बाजूला ठेवून बघा, निदान एकदा, तिच्या भरतकामासाठी. मिशेल क्लॅप्टन यांची वेशभूषा आणि मिशेल कॅराघर यांचं हातभरत. स्टार्क घराण्यातल्या सान्साच्या लग्नाच्या पोशाखावरच्या पट्ट्यात टली घराण्याचा मासा, स्टार्कांचा लांडगा आणि त्यांच्यावर चढत जाणारा लॅनिस्टरांचा सिंह आहे. डेनेरिसच्या कपड्यांवरचे ड्रॅगनचे खवले तिची सत्ता वाढते तसे दाट होत जातात. हे मान खाली घालून दिसणार नाही.

खिडकीपाशी

दिव्याचा प्रश्न राहिलाच. दिवा छतावरचा नको, मान वळवता येणारा टेबल लॅम्प हवा, झोत फक्त कापडावर पडेल असा. उजव्या हाताने काम करत असाल तर तो डाव्या खांद्यावरून, म्हणजे हाताची सावली टाक्यावर येत नाही. टीव्हीच्या मागे भिंतीवर एक मंद दिवा ठेवा. तो पडद्यावर चमकत नाही आणि खोली काळोखी न राहिल्याने डोळ्यांना उजेडातून अंधारात सारखं जावं लागत नाही. तरीही ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या आठव्या सीझनचा तिसरा भाग भरताना बघता येईल अशी आशा ठेवू नका, तो सबंध ८२ मिनिटं जवळजवळ अंधारात आहे.

पडदा कामाच्या बरोबर मागे, समोरासमोर ठेवा. बाजूला असला तर मान एकाच अंगाला वळून आखडते. कापड ताणून धरणारी भरतकामाची रिंग स्टँडवर लावून छातीच्या उंचीला आणली की नुसते डोळे उचलून पडदा दिसतो. जवळचा साधा चष्मा असेल तर टीव्ही धूसर दिसणारच, तेव्हा अर्ध्या काचेचा घेऊन वरून बघा.

ॲनिमेचा भाग साधारण २४ मिनिटांचा, त्यात सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं दीडदीड मिनिटाचं. शेवटचं गाणं वगळू नका. तेवढ्यात सुई खाली ठेवून खिडकीबाहेर लांब बघा, मग भरलेले टाके दहाच्या रेघेशी ताडून घ्या. चूक एका भागापुरतीच राहते, उसवायला सोपी. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद करून टाका, नाहीतर ही तपासणी होत नाही.

आणखी एक: नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या बऱ्याच मालिकांना इंग्रजीत ऑडिओ डिस्क्रिप्शन असतं. आवाजाच्या यादीत शोधा. दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी केलेली ही सोय आहे. संवादांच्या मधल्या जागेत पडद्यावर काय घडतंय ते निवेदक सांगतो. भरतकामाला याचा मोठा आधार होतो.

चौकट_चौदा

सगळ्यांचे आभार. म्हणजे क्रॉस स्टिचला ‘डिलिशस इन डंजन’ आणि शालीला ‘फ्रिएरन’. एक विचारायचं राहिलं: पुढचं काम काळ्या आयडावर आहे. त्यालाही हीच पद्धत चालेल का?

उलटी_टीप

काळ्यावर भोकं दिसत नाहीत, हाच मुख्य प्रश्न. मांडीवर पांढरा टॉवेल पसरा किंवा कापडामागे मंद दिवा येईल असं बसा, भोकं उजळतात. रेघांसाठी पेन उपयोगी नाही. फिकट रंगाचा मशीनचा दोरा दर दहा चौकटींवर मोठ्या धावदोऱ्याने घाला. मात्र टाका घालताना सुई त्या दोऱ्यातून आरपार गेली तर नंतर तो निघत नाही, म्हणून त्याला बाजूला सारून टाका घाला. कड भरण्याचं काम पूर्ण दिवसाच्या उजेडात, आणि टीव्हीसमोर फक्त एका रंगाचे मोठे पट्टे. मालिका नवीन नको, एकदा बघून झालेली लावा. काळ्या कापडावर नजर जास्त वेळ खालीच राहते.