मदत हवी आहे: वॉलडॉर्फहून फिरायला कोणता पास?

पुण्याहून ऑफिसच्या कामासाठी जर्मनीत वॉलडॉर्फला (हायडेलबर्गजवळ, एसएपी या सॉफ्टवेअर कंपनीचं मुख्यालय) आलोय, महिनाअखेरपर्यंत आहे. इथे साडेअकरालाच लोक जेवायला निघतात आणि शुक्रवारी दुपारनंतर मजल्यावर चिटपाखरू नसतं. आपल्याकडे तेव्हा कॉल रंगात आलेले असतात! इथलं हे वेळापत्रक आवडलं. पण रविवारी दुकानं कायद्यानेच बंद, म्हणून भटकायचं ठरवलंय. डॉइचलँड-तिकिटावर (देशभर चालणारा मासिक पास) लोकल आणि प्रादेशिक गाड्या चालतात, आयसीई (वेगवान लांब पल्ल्याच्या गाड्या) नाही. शिवाय ते दरमहा वर्गणीचं, रद्द करायचं तर त्याच महिन्याच्या १० तारखेपर्यंत. एवढ्या थोड्या मुक्कामाला ते परवडतं, की बाडेन-वुर्टेमबर्गचा (इथल्या राज्याचा) दिवसाचा पास बरा? आणि जवळच्या मानहाइम शहरात साबुदाणा कुठे मिळेल? संकष्टी जवळ आलीय.