मदत हवी आहे: मदरबोर्ड बदलल्यापासून डेबियन लिनक्स बूट होत नाही
डेस्कटॉपचा मदरबोर्ड गेला, म्हणून मंगळवारी पुण्याच्या तापकीर गल्लीतून नवा बसवून आणला. प्रोसेसर, रॅमही नवीन. एसएसडी जुनीच, त्यावर यूईएफआय (बूटची नवी पद्धत) मोडमध्ये टाकलेलं डेबियन १२. चालू केलं की थेट बायोस उघडतं. एसएसडी तिथे दिसते, पण बूटच्या यादीत 'डेबियन' नाही.

लाइव्ह पेनड्राइव्हवरून पाहिलं: डेटा शाबूत, ईएफआय पार्टिशनमध्ये (डिस्कवरचा बूटच्या फायलींचा भाग) ग्रबची, म्हणजे डेबियन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमची, फाइलही जागेवर. सिक्युअर बूट (फक्त सही असलेले प्रोग्रॅम सुरू होऊ देणारी सोय) आणि सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) दोन्ही बंद. 'एफीबूटएमजीआर' कमांडने बोर्डाच्या बूट यादीत डेबियनची नोंद केली तर मशीन मस्त सुरू झालं, रीस्टार्टलाही टिकलं. रात्री भिंतीवरचं बटण बंद केलं आणि सकाळी नोंद गायब! तीनदा हेच. बायोसचं घड्याळ मात्र बिनचूक चालतंय, म्हणजे बोर्डवरचा सेल उतरलेला नसावा.

फॉरमॅट मारायचा सल्ला नको, तो दुकानात फुकट मिळालाय.

ग्रबची प्रत ईएफआय पार्टिशनमध्ये 'ईएफआय/बूट' फोल्डरात 'बूटएक्स६४.ईएफआय' नावाने ठेवली की नोंदीशिवायही बूट होतं, हे माहीत आहे. पण बोर्ड बदलून घ्यायची मुदत शनिवारपर्यंतच आहे. मग ही प्रत ठेवून मोकळं व्हावं, की नोंद टिकत नाही म्हणजे बोर्डच सदोष समजून परत करावा?