डेस्कटॉप सुरू होताच बंद पडतो: एसएमपीएस बदलावा की मदरबोर्ड?

किनारा:

नमस्कार. रत्नागिरीजवळच्या आमच्या घरी एक असेंबल्ड डेस्कटॉप आहे. त्यात दुसऱ्या पिढीचा इंटेल कोअर आय-थ्री प्रोसेसर, एच-६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम आणि कॅबिनेटसोबतच मिळालेला ४५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे सर्व भागांना वीज पुरवणारा डबा आहे. वडील आंब्याच्या पेट्यांचा, मजुरीचा आणि खतांच्या उधारीचा सगळा हिशोब याच संगणकावर ठेवतात.

पावसाळ्यात तो बराच काळ बंदच होता. आता बटण दाबले की पंखे फिरतात, बीप ऐकू येते, विंडोजचे चिन्ह दिसते आणि मग कोणतीही सूचना न देता, वीज गेल्यासारखा संगणक बंद पडतो. तो लगेच पुन्हा सुरू केला तर विंडोजच्या चिन्हापर्यंतही पोहोचत नाही. रॅम काढून तिचे संपर्क खोडरबराने पुसले, यूपीएस वगळून थेट भिंतीवरच्या सॉकेटला जोडून पाहिले, तरी काही फरक पडला नाही. एका दुरुस्तीवाल्यांनी कॅबिनेट न उघडताच मदरबोर्ड गेल्याचे सांगितले, तर दुसऱ्यांनी एसएमपीएस बदलायला सांगितले. या संगणकाचे वय पाहता अंदाजाने सुटे भाग बदलत जाणे परवडणारे नाही. खर्च करण्याआधी घरच्या घरी काय तपासता येईल?

सर्किट:

माझा पहिला संशय एसएमपीएसवर आहे. कॅबिनेटसोबत येणाऱ्या स्वस्त एसएमपीएसवर छापलेले वॅट आणि प्रत्यक्षात मिळणारे वॅट यांत बरेच अंतर असू शकते. आतले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून दाब स्थिर ठेवणारे भाग, वयाबरोबर क्षीण होतात आणि विंडोज सुरू होताना प्रोसेसर व हार्ड डिस्क यांची मागणी एकदम वाढली की १२ व्होल्टच्या लाइनचा दाब खाली येतो. मल्टीमीटर असेल तर संगणक चालू असताना एसएमपीएसमधून येणाऱ्या चार पिनांच्या मोकळ्या जोडणीतली पिवळी आणि काळी तार यांच्यातला दाब मोजावा. डेस्कटॉपच्या वीजपुरवठ्यासाठीच्या एटीएक्स मानकानुसार तो ११.४ ते १२.६ व्होल्टच्या दरम्यान असायला हवा. लाल आणि काळ्या तारेत ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळायला हवेत. मात्र एसएमपीएसचा डबा कृपया उघडू नये. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि वायर काढल्यानंतरही ते काही काळ तसेच राहू शकतात.

आणखी एक साधी गोष्ट पाहून घ्यावी. पॉवरचे बटण आत अडकून दाबलेलेच राहिले, तर मदरबोर्ड साधारण ४ सेकंदांनी संगणक बंद करतो, कारण बटण दाबून धरणे म्हणजे सक्तीने बंद करण्याचा आदेश असतो. दमट हवेत बंद पडून राहिलेल्या कॅबिनेटमध्ये असे होऊ शकते.

तापमापक:

'सर्किट' यांनी सांगितलेली मोजणी अवश्य करावी, पण माझा कल वेगळा आहे आणि त्याचे कारण प्रश्नातच आहे. लगेच पुन्हा सुरू केल्यावर संगणक आधीपेक्षा कमी वेळ टिकतो, हे वाक्य फार महत्त्वाचे आहे. क्षीण झालेले कपॅसिटर थंड असताना जास्त त्रास देतात. त्यामुळे एसएमपीएस कमजोर असेल तर सकाळचा पहिला प्रयत्न बहुधा फसतो आणि दोन-चारदा बटण दाबल्यावर, थोडी ऊब आल्यावर, संगणक चालू लागतो. उष्णतेच्या दोषात याच्या नेमके उलट घडते. थंड संगणक सर्वांत जास्त वेळ चालतो आणि लगेचचा प्रत्येक प्रयत्न आधीच्यापेक्षा लवकर संपतो, कारण प्रोसेसर आधीच तापलेला असतो. बटण अडकले असते तर दर वेळी जवळपास तेवढ्याच सेकंदांनी संगणक बंद पडला असता, विंडोजच्या चिन्हाशी त्याचा काही संबंध राहिला नसता.

म्हणून प्रथम संगणक तासभर बंद ठेवावा. मग सुरू करून लगेच डिलीट कळ दाबावी, बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जावे आणि हार्डवेअर मॉनिटर या पानावर प्रोसेसरचे तापमान पाहत राहावे. बायॉसमध्ये ते ४० ते ५० अंशांच्या आसपास येऊन स्थिरावले तर चिंता नाही. ते डोळ्यांदेखत चढत जाऊन ९० अंशांपलीकडे गेले, तर हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा पंख्याखालचा धातूचा ठोकळा, प्रोसेसरला नीट टेकलेला नाही असे समजावे. प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करून पाहतो आणि तेवढ्याने भागले नाही की जळू नये म्हणून वीजच तोडतो. सूचना न देता बंद पडण्याचे कारण तेच असते.

हिशोबनीस:

तपासणी चालू असताना हार्ड डिस्कची वायर काढून ठेवावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. विंडोज सुरू होत असताना वारंवार वीज तुटली तर फाइल व्यवस्था बिघडू शकते. मदरबोर्ड नवा घेता येतो, पण वडिलांनी जमवलेला हिशोब पुन्हा मिळवणे फार अवघड असते. हार्ड डिस्कची साटा जोडणी यूएसबीला जोडणारा अडॅप्टर संगणकाच्या दुकानात सहज मिळतो. साडेतीन इंची डिस्क असेल तर वेगळा १२ व्होल्टचा पुरवठा असलेला अडॅप्टरच घ्यावा. त्याने डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून हिशोबाच्या फाइली आधी उतरवून घ्याव्यात आणि मगच दुरुस्तीकडे वळावे.

किनारा:

सर्वांचे आभार. भावाच्या लॅपटॉपवर फाइली उतरवून घेतल्या. हार्ड डिस्क काढून बायॉस उघडले, तर तापमान ५८ अंशांपासून चढत चढत ९७ पर्यंत गेले आणि संगणक बंद पडला. १२ व्होल्टची लाइन तोवर ११.९ च्या आसपास स्थिर होती. कॅबिनेटची बाजू उघडून पाहिली तेव्हा पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांत धुळीचा लोकरीसारखा घट्ट थर बसलेला दिसला. हीटसिंकच्या चार खुंट्यांपैकी कोपऱ्यातली एक इतरांपेक्षा वर आली आहे आणि बोटाने दाबली की हीटसिंक त्या बाजूला हलतो. ती नुसती दाबून बसवली तर चालेल का?

तापमापक:

दोष सापडला. पण नुसती दाबून भागणार नाही, कारण एकदा हललेल्या हीटसिंकखालची जुनी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता हीटसिंकपर्यंत पोहोचवणारा लेप) सुकलेली असते आणि तिच्यात हवेच्या फटी राहतात. वायर भिंतीतून काढावी. चारही खुंट्या त्यांच्यावरच्या बाणाच्या दिशेने फिरवून वर ओढाव्यात आणि हीटसिंक सरळ न उपसता हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवावा. पाती ब्रशने साफ करावीत. प्रोसेसरवरची आणि हीटसिंकवरची जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून दोन्ही पृष्ठभाग पूर्ण वाळू द्यावेत. मग प्रोसेसरच्या मध्यावर तुरीच्या दाण्यापेक्षा मोठा नसेल एवढाच पेस्टचा थेंब ठेवावा. जास्त पेस्टने जास्त थंडावा मिळत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. बसवण्यापूर्वी चारही खुंट्या बाणाच्या उलट फिरवून मूळ स्थितीत आणाव्यात आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या जोडीने दाबाव्यात. प्रत्येक खुंटीचा 'टक्' असा आवाज यायला हवा. मदरबोर्डच्या मागे पाहता आले, तर पांढऱ्या प्लास्टिकच्या फाकलेल्या टोकांतून काळी दांडी पूर्ण बाहेर आलेली दिसली पाहिजे. एखादे टोक तुटलेले असेल तर तेवढ्यासाठी नवा प्रोसेसर घेऊ नये. मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो त्याच सॉकेटचा, म्हणजे एलजीए ११५५ ला बसणारा पंखा हीटसिंकसह बाजारात मिळतो आणि ११५० व ११५१ साठीचाही त्याला चालतो. पंख्याची वायर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या जागीच जोडावी.

किनारा:

पेस्ट बदलून हीटसिंक पुन्हा बसवला. एका खुंटीचे टोक खरोखरच चिरलेले निघाले, म्हणून पंखा हीटसिंकसह नवा घेतला. बायॉसमध्ये तापमान आता ४४ अंशांवर थांबते, हार्ड डिस्क जोडल्यावर विंडोजही व्यवस्थित सुरू झाले आणि वडिलांनी दुपारभर काम केले. एसएमपीएस तूर्त तोच ठेवला आहे.

सर्किट:

उत्तम झाले. मोजणीत १२ व्होल्टची लाइन स्थिर असताना एसएमपीएस बदलण्याचे काहीच कारण नाही. मात्र हिशोबाची एक प्रत पेन ड्राइव्हवर नियमित ठेवावी आणि पुढच्या पावसाळ्यात संगणक महिनोन्‌महिने बंद न ठेवता आठवड्यातून एकदा तासभर चालवावा, म्हणजे आतला दमटपणा साचून राहणार नाही.