दोन वर्षांसाठी नागोयाला जायचे आहे : सामानात काय न्यावे आणि घराचे काय करावे?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. माझे यजमान कुपवाड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात नोकरीला आहेत. कंपनी त्यांना जपानमधील नागोया शहराजवळच्या कारखान्यात दोन वर्षांसाठी पाठवत आहे. ते, मी आणि आमची सहा वर्षांची मुलगी असे तिघेजण मार्चअखेरीस निघणार आहोत. सासूबाई या काळात साताऱ्याला नणंदेकडे राहतील आणि नदीकाठच्या गावभागातील (सांगलीच्या जुन्या वस्तीतील) आमचे तळमजल्याचे घर बंद राहील.

तिकिटावर प्रत्येकी 23 किलोच्या दोन बॅगा नेण्याची मुभा आहे, म्हणजे तिघांच्या मिळून सहा बॅगा होतात. हे वजन मला पुष्कळ वाटले होते, पण गेल्या रविवारी यादी करायला बसल्यावर नुसत्या स्वयंपाकघराच्याच चार बॅगा भरतील असे दिसू लागले. मिक्सर, कुकर, पोळपाट-लाटणे, सासूबाईंनी कुटून ठेवलेला कांदा-लसूण मसाला, हळद, डाळी, ज्वारीचे पीठ आणि सहा महिन्यांची औषधे (मला थायरॉईडची गोळी रोज लागते, यजमानांना रक्तदाबाची) असा सगळा पसारा आहे. ज्यांनी तेथे संसार केला आहे, त्यांनी यातील काय खरोखर लागते आणि काय उगाच वाहून नेले जाते, हे कृपया सांगावे. मुलीच्या शाळेविषयी आणि बंद घराविषयीही कोणी अनुभवाने लिहिले तर फार मदत होईल.

परतलेला कराडकर

आम्ही नागोयात तीन वर्षे राहून दोन वर्षांपूर्वी परत आलो. माझे स्पष्ट मत आहे की सहा बॅगांची मुभा असली, तरी आपण चारच न्याव्यात. विमानतळावरून घरापर्यंत त्या आपल्यालाच ओढाव्या लागतात. आपण टोकियोला उतरून शिंकानसेन या अतिवेगवान रेल्वेने नागोयाला जाणार असाल, तर तोकाइदो मार्गावर लांबी, रुंदी आणि उंची मिळून 160 सेंटिमीटरहून मोठी असलेल्या बॅगेसाठी त्यासाठीची जागा आधीच राखून ठेवावी लागते. त्यापेक्षा विमानतळावरच बॅगा घरपोच पाठवणाऱ्या ताक्युबिन सेवेकडे द्याव्यात. त्या बहुधा दुसऱ्या दिवशी दारात येतात आणि पहिल्या रात्रीपुरते कपडे तेवढे हातात ठेवावे लागतात.

आता मिक्सर. जपानमध्ये घरगुती वीज 100 व्होल्टची असते, आपली 230 व्होल्टची. मी पहिल्या खेपेस घरचा मिक्सर मोठ्या हौसेने नेला. तो तेथे लावल्यावर एखाद्या दमेकऱ्यासारखा घरघरला आणि त्यात खोबरेसुद्धा वाटले जाईना. व्होल्ट वाढवणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण मिक्सरला पेलेल असा घ्यायचा म्हटला तर तो मिक्सरइतकाच जड असतो. शेवटी तो मिक्सर तीन वर्षे कपाटात राहिला आणि आमच्याबरोबर कराडला परत आला. तेथे स्थानिक मिक्सर घ्यावा, आणि चटणीसाठी लहान खलबत्ता नेला तर तो नक्की वापरला जाईल. मोबाइल आणि लॅपटॉपचे चार्जर मात्र दोन्ही व्होल्टवर चालतात, फक्त दोन चपट्या पात्यांचा प्लग लागतो.

कुकर अवश्य न्यावा, पण तो इंडक्शनवर चालणारा असावा, कारण कंपनीने दिलेल्या घरात बहुतेकदा इंडक्शनची शेगडीच असते आणि साध्या अॅल्युमिनियमचा कुकर तीवर तापत नाही. सोबत दोन जादा रबरी रिंगा आणि एक शिट्टी ठेवावी. पोळपाट नेऊ नये, लाटणे न्यावे, कारण पोळी कोणत्याही सपाट फळीवर लाटता येते.

डाळी आणि कडधान्ये भारतीय व नेपाळी दुकानांत मिळतात आणि ऑनलाइनही मागवता येतात. शिवाय ताजी फळे, भाज्या, बियाणे आणि रोपे यांसाठी जपानच्या वनस्पती तपासणी विभागाला भारतातील फायटोसॅनिटरी (रोग-कीड नसल्याचे) प्रमाणपत्र लागते, आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाला मुळीच नेता येत नाहीत. म्हणून कढीपत्त्याची डहाळी किंवा दोन आंबे बॅगेत लपवण्याचा मोह टाळावा. कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला आणि हळद मात्र मनसोक्त न्यावी, कारण तो स्वाद तेथे मिळत नाही. मसाला दुहेरी पिशवीत बांधून चेक-इन बॅगेतच ठेवावा, तिखटाची पूड हातातल्या सामानात चालत नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही सामानात घेऊ नयेत, त्या तेलकट आणि ज्वलनशील म्हणून सुरक्षा तपासणीत काढून घेतात. पॉवर बँक याच्या उलट, ती हातातच हवी.

ज्वारीच्या पिठाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण या बाबतीत माझ्या पत्नीने बरेच पीठ वाया घालवले आहे. दहा किलो पीठ नेले, तरी दीड-दोन महिन्यांत त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना कडा फुटू लागतात. पाणी उकळून त्यात पीठ घालून उकड काढली तर जुन्या पिठाचीही भाकरी होते, पण ती ताज्या पिठाची नव्हे. तीन किलो पीठ न्यावे, ते फ्रीजमध्ये ठेवावे आणि पुढे कोणी येणार असेल तर त्यांच्याबरोबर मागवावे.

कागदपत्रांत सर्वांत मोठी अडचण आपल्या नावाची होते. आपल्या पासपोर्टवर स्वतःचे नाव, पतीचे किंवा वडिलांचे नाव आणि आडनाव असे तिन्ही असते, तर जपानी माणसाला दोनच भाग ठाऊक असतात. पासपोर्टवरील रोमन नाव रहिवासी कार्डावर जसेच्या तसे उतरते, पण बँक ते काताकाना या जपानी लिपीत लिहून घेते. एका ठिकाणी मधले नाव घेतले आणि दुसऱ्या ठिकाणी गाळले, तर पगार, विमा आणि मोबाइलचे करार एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून काताकानातील एकच रूप पहिल्याच दिवशी ठरवून कागदावर लिहून ठेवावे आणि सर्वत्र तेच द्यावे.

रहिवासी कार्ड मोठ्या विमानतळांवर उतरल्यावरच मिळते. घरी राहायला गेल्यापासून 14 दिवसांच्या आत स्थानिक कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो आणि मुलीच्या शाळेचा अर्जही तेथेच देता येतो. जपानचे शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, त्यामुळे मार्चअखेरीस पोहोचणे आपल्याला सोयीचे ठरेल. सरकारी प्राथमिक शाळेत परदेशी मुलांना शुल्क न घेता प्रवेश मिळतो. आपण शाकाहारी असाल तर दुपारच्या जेवणाचे आधी लेखी कळवावे, कारण निव्वळ भाजीच्या रश्श्यातही बहुधा माशांचा अर्क असतो. आमच्या मुलाला शिक्षकांनी घरचा डबा आणायला परवानगी दिली होती.

थंडीचे कपडे येथून घेऊ नका. नागोयाचा हिवाळा शून्याच्या आसपास जातो आणि त्या थंडीचे कपडे तेथेच स्वस्त व चांगले मिळतात.

औषधांच्या दुकानातून (सातारा)

माझे साताऱ्यात औषधांचे दुकान आहे आणि मुलगा ओसाकाला असतो, म्हणून औषधांविषयीच लिहितो. सहा महिन्यांच्या गोळ्या अशाच बॅगेत भरून नेऊ नका. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषधे स्वतःच्या वापरासाठी एक महिन्यापुरती आणि चिठ्ठीशिवाय मिळणारी औषधे दोन महिन्यांपुरती वेगळ्या परवानगीविना नेता येतात. त्याहून जास्त न्यायची असतील, तर प्रवासाआधी जपानच्या आरोग्य विभागाकडून युन्यु काकुनिन-शो नावाचा दाखला घ्यावा लागतो, आणि त्याचा अर्ज ऑनलाइन करता येतो.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे सर्दी-खोकल्याची औषधे. ज्यांत स्यूडोएफेड्रिनचे प्रमाण 10 टक्क्यांहून अधिक आहे अशी औषधे जपानमध्ये नेण्यास बंदी आहे, आणि कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधांवरही कडक मर्यादा आहे. आपल्याकडे बंद नाकासाठी सहज दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असते. तेव्हा घरातील डबा तसाच उचलून नेऊ नका, प्रत्येक पट्टीवरील घटक वाचा किंवा आपल्या औषधविक्रेत्याला दाखवा.

आपल्या थायरॉईडच्या आणि यजमानांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घ्यावी आणि तिच्यात औषधाचे मूळ रासायनिक नाव व मात्रा लिहायला सांगावे, कारण येथील ब्रँडचे नाव तेथील डॉक्टरला काहीच सांगत नाही. गोळ्या पट्टीतून काढून डबीत भरू नका. पहिला महिना येथील गोळ्यांवर काढून त्याच महिन्यात तेथील डॉक्टरकडे नाव नोंदवावे. नोकरीबरोबरच्या आरोग्य विम्यात पत्नी आणि मुले अवलंबित म्हणून येतात आणि खर्चाचा साधारण 30 टक्के भागच आपल्याला द्यावा लागतो. मुलीच्या लसीकरणाचे कार्ड मूळ स्वरूपात हातातल्या बॅगेत ठेवा.

जुना गावभागकर

कृष्णाकाठताई, सामानापेक्षा मला आपल्या घराची काळजी अधिक वाटते, कारण मीही गावभागातलाच आहे. आपण मार्चमध्ये जाल आणि पावसाळ्यातही घर बंदच असेल. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली होती. 45 फूट ही धोक्याची पातळी आहे, म्हणजे पाणी तिच्याही वर बारा फूट चढले. आम्ही घरात असूनही गाद्या आणि कागदपत्रे वर नेण्यापुरताच वेळ मिळाला. कुलूप लावलेल्या घरात ते कोण करणार?

म्हणून फ्रीज, गाद्या आणि लाकडी कपाटे जाण्यापूर्वीच वरच्या मजल्यावरील एखाद्या नातेवाइकाकडे किंवा साताऱ्याला हलवा. घराचे खरेदीखत, सातबारा उतारे आणि दागिने तळमजल्याच्या कपाटात मुळीच नकोत. ते बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा, आणि तो लॉकरही पूररेषेबाहेरच्या शाखेत घ्या. चावी शेजाऱ्यांकडे द्या आणि पातळी 40 फुटांवर गेली की मेन स्विच बंद करायचा, हे त्यांना आताच सांगून ठेवा. वाळवीचा उपचार करून घ्या आणि गॅस सिलिंडर एजन्सीकडे जमा करा.

बँकेचे काम मात्र विसरू नका. नोकरीसाठी परदेशी राहायला गेल्यावर साधे बचत खाते एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) खात्यात बदलून घ्यावे लागते. यजमानांचे येथील सिमकार्ड चालू ठेवून त्यावर रोमिंग सुरू करा, नाही तर आधार आणि बँकेचे ओटीपी येणार नाहीत आणि महावितरणचे बिल भरायलासुद्धा कोणाच्या तरी विनवण्या कराव्या लागतील. शेतजमीन किंवा घराचे काही व्यवहार उद्भवण्याची शक्यता असेल, तर विश्वासातल्या माणसाला कुलमुखत्यारपत्र निघण्यापूर्वीच नोंदवून द्या.

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपली उत्तरे सासूबाईंना वाचून दाखवली. मिक्सर राहील, लहान खलबत्ता येईल. डाळींचा डबा त्यांनी स्वतःच बाहेर काढला, पण मसाल्याच्या तीन किलोंत एक ग्रॅमही कमी करू देणार नाहीत, असे त्यांनी बजावले आहे. सर्दीच्या डब्यात स्यूडोएफेड्रिन असलेली एक पट्टी खरोखरच निघाली. फ्रीज आणि गाद्या पुढच्या रविवारी टेम्पोने साताऱ्याला जातील.

एक शंका उरली आहे. मंगळसूत्र आणि दोन बांगड्या मी अंगावर घालूनच जाणार आहे. परत येताना त्यांवर कस्टम ड्युटी लागू नये म्हणून काही करावे लागते का?

परतलेला कराडकर

निघताना मुंबईच्या विमानतळावर कस्टम कक्षात दागिने दाखवून त्यांचा निर्यात दाखला घ्यावा. दागिन्यांची छायाचित्रे आणि सराफाची वजनाची पावती बरोबर ठेवली तर काम लवकर होते. या कामासाठी नेहमीपेक्षा एक तास लवकर पोहोचा. सांगलीहून मोटारीने जाणार असाल, तर खंबाटकीच्या घाटात एखादा ट्रक बंद पडला की सगळा हिशेब चुकतो. आम्ही आदल्या रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने गेलो होतो आणि सामान चढवायला मिरज स्थानकावर भाच्यांना बोलावले होते.