मदत हवी आहे: घरी व्हिडिओ बोलतो, वर्गातल्या टीव्हीवर मुका होतो

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात एका मराठी शाळेत चौथीला शिकवते. लॅपटॉपची भीती वाटत नाही, पण 'कोडेक' वगैरे शब्द आले की डोकं बंद पडतं. तेव्हा जरा सोप्या भाषेत सांगा.

आमच्या वर्गातली अर्धी पोरं रोज स्टेशनाजवळून शाळेत येतात. देशातली पहिली प्रवासी गाडी 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून सुटून इथेच येऊन थांबली, हे मात्र एकालाही माहीत नव्हतं. म्हणून सुट्टीत मी पुठ्ठ्याची गाडी केली. 14 डबे, पुढे साहिब, सिंध, सुलतान ही 3 इंजिनं. डायनिंग टेबलावर रूळ, समोर मोबाइल स्टँडला. गाडी बोटभर सरकवायची, फोटो काढायचा, पुन्हा सरकवायची. सेकंदाला 10 फोटो धरले तर 2 मिनिटांना 1200 होतात. चार दिवस आम्ही सगळे जमिनीवर बसून जेवलो.

त्यानंतरच्या एका मिनिटात चार मुलं माहिती सांगतात, ते सरळ मोबाइलवर घेतलंय. आवाज सगळे घरचेच. प्लॅटफॉर्मवर जाऊन लोकलचा भोंगा घेतला होता, पण वाफेच्या इंजिनाला तो शोभेना. शेवटी शिट्टी कुकरची, आणि झुकझुक म्हणजे पॉलिश पेपरचे दोन तुकडे एकमेकांवर घासलेत. भाच्याने माझ्याच लॅपटॉपवर शॉटकट या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं जोडून दिलं. तो आता हॉस्टेलवर आहे, परीक्षा चालू आहे आणि फोन उचलत नाही.

लॅपटॉपवर छान चालतं. पेनड्राइव्ह वर्गातल्या टीव्हीला लावला तर चित्र दिसतं, आवाज शून्य. टीव्हीचा आवाज ठीक आहे, दुसरे व्हिडिओ बोलतात. शिवाय मुलं बोलतात त्या भागात ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात, शेवटी शेवटी तर फारच. हे लॅपटॉपवरही होतं. आणि 3 मिनिटांची फाइल 1.6 जीबी! दुसऱ्या तुकडीच्या बाईंना व्हॉट्सअ‍ॅपवर एरवीसारखी पाठवायला गेले तर धड जाईना, भाच्याने आधी दिलेली छोटी प्रत गेली पण धुरकट झाली.

यूट्यूबवर टाका असं कृपया सांगू नका. मुलांचे चेहरे आहेत आणि पालकांनी परवानगी फक्त वर्गापुरती दिली आहे.

प्रतिसाद 1
बाई, फाइलच्या नावाच्या शेवटी काय आहे? एमपी4 की आणखी काही? व्हीएलसी प्लेअरमध्ये व्हिडिओ लावून कंट्रोल आणि जे दाबा. एक चौकट उघडेल, तिच्यात ऑडिओपुढे काय लिहिलंय ते इथे टाका.

धागाकर्ती
शेवटी एमकेव्ही आहे. ऑडिओपुढे 'ओपस' लिहिलंय.

प्रतिसाद 1
मग चोर सापडला. एमकेव्ही, एमपी4 हे नुसते डबे. आत चित्राची भाजी वेगळी, आवाजाची वेगळी. तुमच्या टीव्हीला चित्राची भाजी चालते, ओपस चालत नाही, म्हणून तो आवाज बाजूला काढून ठेवतो. लॅपटॉपवरचा व्हीएलसी सर्वभक्षी आहे, त्यामुळे घरी कळलंच नाही. वर्गातल्या टीव्हीसाठी एकच जोडी लक्षात ठेवा: डबा एमपी4, चित्र एच.264, आवाज एएसी. शॉटकटमध्ये एक्सपोर्टला गेल्यावर काहीही न निवडता जे मिळतं ते हेच असतं. भाच्याने 'चांगली क्वालिटी' म्हणून हौसेने काहीतरी बदललेलं दिसतंय.

प्रतिसाद 2
वरच्यांशी सहमत. फाइलच्या आकाराचंही सांगतो, कारण इथे लोक उगाच घाबरतात. आकार ठरतो बिटरेट (सेकंदाला किती डेटा) गुणिले वेळ यावर. सेकंदाला 5 मेगाबिट धरले तर 180 सेकंदांचे 900 मेगाबिट, भागिले 8, म्हणजे साधारण 112 एमबी. आवाजाचे आणखी तीन-चार एमबी धरा. पुठ्ठ्याच्या गाडीला 5 पुरे, चित्राचा आकार कमी करून 720पी ठेवलात तर 3 सुद्धा. वर्गात मागच्या बाकावरून फरक कळत नाही. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना व्हिडिओ म्हणून नको, 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा. मग तो दाबून बारीक करत नाही.

प्रतिसाद 3
मोबाइलवरच एखादं अ‍ॅप घ्या ना, दोन मिनिटांचं काम. लॅपटॉपचा खटाटोप कशाला?

प्रतिसाद 2
1200 फोटो मोबाइलवर सांभाळून दाखवा, मग बोलू.

प्रतिसाद 4
ताई, ओठ आणि शब्दांच्या भानगडीबद्दल. मोबाइलचा कॅमेरा सेकंदाला 30 चित्रं घेतो म्हणतो, पण उजेड कमी झाला की कधी 27 घेतो, कधी 24. आवाज मात्र घड्याळासारखा एकाच चालीने जातो. एडिटिंगमध्ये सगळी चित्रं समान अंतराने मांडली की दोघांची फारकत होते, आणि ती हळूहळू वाढत जाते. तुम्ही 'शेवटी शेवटी फारच' म्हणालात त्यावरून हेच वाटतं. सुरुवातीपासून सारखाच फरक असता तर आवाजाची पट्टी थोडी मागे ओढून भागलं असतं. इथे ते चालणार नाही, एक टोक जुळवलं की दुसरं सुटेल.

उपाय सोपा आहे. मुलांची मूळ क्लिप हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये घाला, फ्रेमरेट 30 आणि 'कॉन्स्टंट' निवडा, नवी फाइल बनवा आणि जुन्या क्लिपच्या जागी ती ठेवा. खरं तर अशी क्लिप आली की शॉटकट स्वतःच 'बदलून देऊ का' असं विचारतो. भाच्याने घाईत नाही म्हटलं असणार. एक मात्र करा: फोटोंच्या फोल्डरचं नाव आत्ता बदलू नका, हलवूही नका. प्रोजेक्टच्या फाइलमध्ये फोटो नसतात, ते कुठे आहेत एवढीच यादी असते.

धागाकर्ती
सर्वांचे आभार, आज रात्री बसते. आणखी एक विचारायचं राहिलं. मुलांच्या बोलण्याखाली तबला टाकलाय, त्यात एका मुलीचा आवाज बुडतोय. ती हळू बोलते आणि वर पंख्याची घरघर. ती पुन्हा बोलायला तयार आहे, माझ्याकडे घरी येईल. पण आमच्या इमारतीखाली घोडबंदर रोड आहे.

प्रतिसाद 4
कपड्यांचं कपाट उघडा, तिला कपड्यांकडे तोंड करून उभं करा. फोन तोंडापासून एक वीत, समोर नको, जरा बाजूला, म्हणजे 'प' आणि 'फ' फुटणार नाहीत. पंखा बंद. बोलण्याआधी पाच सेकंद कोणीही काही बोलायचं नाही. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये तो शांत तुकडा निवडून 'नॉइज रिडक्शन'ला नमुना म्हणून द्यायचा, मग सगळी पट्टी निवडून तोच इफेक्ट लावायचा. जपून लावा, जास्त झालं की पोरगी माठातून बोलल्यासारखी वाटते. रस्त्याची सलग घरघर जाईल, हॉर्न जाणार नाहीत, म्हणून पहाटे करा. तबला तिच्या आवाजापेक्षा 15 ते 20 डेसिबल खाली. तेवढ्यावर ऐकू येत नसेल तर तो काढूनच टाका.

प्रतिसाद 1
पहाटे कोकीळ ओरडला तर ओरडू दे. प्रसंग 16 एप्रिलचाच आहे.

धागाकर्ती
कळवायला उशीर झाला. एमपी4 केलं, 118 एमबी झालं, टीव्ही पहिल्या झटक्यात बोलला. ओठ-शब्द जुळले. मुलीचं पुन्हा घेतलं, तबला काढून टाकला. वर्गात गाडी सुटली, शिट्टी झाली आणि दुसऱ्या बाकावरून आवाज आला, "बाई, हा कुकर आहे." मग उरलेला तास कुकरच्या आत काय होतं आणि इंजिनाच्या आत काय होतं यावरच गेला. व्हिडिओ उद्या पुन्हा पहिल्यापासून लावायचाय.