लशीतला जिवंत विषाणू ‘निरुपद्रवी’ कसा ठरतो?

प्रश्न:
मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. इबोलाच्या लशीत जिवंत विषाणू असतो म्हटल्यावर एका मुलीने विचारलं, “मग तो आजार का देत नाही? आणि तोच विषाणू पुढे दुसऱ्या लशीसाठी वापरला, तर शरीर आधीच ओळखून मारणार नाही का?” मला नीट सांगता आलं नाही.

उत्तर १:
मुलीने नेमकं मर्मावर बोट ठेवलंय. इबोलाच्या लशीतला जिवंत विषाणू इबोलाचा नसतो, तो व्हीएसव्ही नावाचा दुसराच असतो. मी बरीच वर्षं त्याच्यावर काम करतोय. हा मुळात गुराघोड्यांच्या तोंडाला फोड आणणारा विषाणू. त्याच्या अंगावर ‘जी’ हे एकच प्रथिन असतं, त्याच्याच जोरावर तो पेशीत शिरतो. लशीत या ‘जी’चं जनुक काढून इबोलाच्या अंगावरच्या ‘जीपी’ प्रथिनाचं जनुक बसवलंय. कोय तीच, साल निराळी. मूळ विषाणू पेशींच्या थरावर टाकून जांभळा रंग दिला की दुसऱ्या दिवशी पेशी मेल्या तिथे चांगली मोठी पांढरी भोकं दिसतात. साल बदललेल्याची भोकं बारीक, आणि वाटही जास्त बघावी लागते. तो वाढतो, पण दमानं. वाढतो म्हणूनच एका डोसात भागतं. 2015 साली गिनीत ते दिसलं, 2019 मध्ये युरोप-अमेरिकेत मान्यता मिळाली.

पण ‘निरुपद्रवी’ हा शब्द मी जपून वापरतो. जिनिव्हातल्या चाचणीत काहींचे सांधे दुसऱ्या आठवड्यात सुजले, एकाच्या सांध्यातल्या द्रवात लशीचाच विषाणू सापडला. चाचणी थांबवून डोस बराच कमी केला, मग पुढे गेले. साल बदलली की तो जाईल कुठे हे नव्याने तपासावंच लागतं.

उत्तर २:
मी पशुवैद्य. साल न बदलताही जमतं. देवीच्या लशीतल्या व्हॅक्सिनिया विषाणूत रेबीजचं एक जनुक जास्तीचं घातलं आणि ती लस आमिषात भरून युरोपातल्या रानांत खोकडांसाठी टाकली. सुई टोचायला खोकड हाती लागतंय कशाला!

प्रश्नकर्ती:
आणि दुसऱ्यांदा वापरण्याचं?

उत्तर १:
विषाणूला पेशीत शिरण्याआधी अडवणारी प्रतिपिंडं मुख्यतः सालीला चिकटतात. व्हीएसव्हीची साल दर वेळी नवी, म्हणून जुनी ओळख फारशी आड येत नाही. लशींत वापरला जाणारा दुसरा विषाणू म्हणजे ॲडिनोव्हायरस. त्याचं कवच मात्र तेच राहतं, आणि माणसांचे ॲडिनोव्हायरस बहुतेकांना होऊन गेलेले असतात. म्हणून कोविडच्या एका लशीसाठी चिंपांझीचा घेतला. तो शरीरात वाढत नाही, त्यासाठी लागणारं ई१ जनुकच काढलंय. वर्गात आंबा घेऊन जा. साल आणि कोय वेगळी करून दाखवलीत, की मुलगी पुढचे प्रश्न स्वतःच काढेल.